चिखलात उतरण्याआधी पाय बघा

आषाढ लागला की दवाखान्यात येणाऱ्या माणसाचे तोंड मी नंतर बघतो, आधी पाय बघतो. बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली कातडी, टाचेची भेग, नखांच्या कडेला बसलेला काळा चिखल यांवरून हा माणूस लावणीला होता की बँकेत खुर्चीवर होता, हे न विचारता कळते. अर्थात विचारायचे असतेच. ही सवय मला २००६ सालापासून लागली आणि ती का लागली हे पुढे सांगणार आहे. त्याआधी आमच्या घरच्या एका सहलीबद्दल थोडे सांगतो, कारण पावसाळ्यातल्या पायांबद्दल मी जे काही नव्याने शिकलो ते त्या दोन दिवसांत आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात.

२०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली होती. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. आमचे थोरले बंधू लहानपणी, दहा वर्षांचे असताना, वडिलांबरोबर तो बघायला गेले होते. तेव्हापासून, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, "एकदा परत जाऊक व्हया" हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून ऐकत आलो. आता ते एसटीतून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. माझा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याने तिकडे 'मड रन' नावाचा प्रकार ऐकला होता. चिखलातून धावायचे, सरपटायचे, दोरावर चढायचे आणि वर त्याची फी भरायची! मी त्याला म्हटले, "आमच्याकडे चिखलात उतरायचे माणसाला पैसे मिळतात आणि तरी लावणीला गडी मिळत नाही." पण काल्याचे नाव काढताच तोही तयार झाला. मुलगी इतिहासाची विद्यार्थिनी. तिने अट घातली की आदल्या दिवशी जुन्या गोव्याचे वस्तुसंग्रहालय बघायचे. अशा रीतीने आम्ही दोघे, आमची दोन मुले, दादा, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू असे सात जण रविवारी पहाटे घरून निघालो.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून जो मठ होता, त्यात भारतीय पुरातत्त्व खात्याचे हे संग्रहालय १९६४ सालापासून आहे. आत शिरताच १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा भला मोठा ब्राँझचा पुतळा. पलीकडे वीरगळ आणि सतीशिळा. वर एका दालनात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची तैलचित्रे ओळीने लावलेली. ही चित्रमालिका १५४७ साली जुआंव द कास्त्रो या गव्हर्नराने सुरू केली आणि तिची देखरेख गास्पार कोर्रेया या माणसाकडे होती, असे मुलीने सांगितले.

हे नाव ऐकताच मी थांबलो. हा कोर्रेया आम्हा डॉक्टरांच्या वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. तो इतिहासकारही होता. १५४३ साली गोव्यात आलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. जुलाब, उलट्या, पेटके आणि पाहता पाहता मृत्यू. वर्णन सरळसरळ पटकीचे आहे. त्याने या रोगाला लोक काय म्हणत तेही लिहिले आहे: 'मोरिशी'. म्हणजे आपली मोडशी! आज आपण जेवण बाधले, पोट बिघडले की मोडशी झाली म्हणतो आणि ओवा खाऊन मोकळे होतो. त्या काळी हाच शब्द ऐकून माणसांच्या पोटात गोळा येत असे. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ऑर्ता या गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगीज वैद्याने गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वैद्याच्या नजरेने वर्णन केले. पणजीच्या मध्यावरच्या बागेला त्याचे नाव आहे. मात्र त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली, हे बागेत शेंगदाणे खाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

दादांच्या नातवाने विचारले, "एवढं मोठं शहर होतं तर माणसं गेली कुठे?" प्रश्न बरोबर होता. बाहेर मोठमोठी चर्च आहेत आणि मधे नुसती हिरवळ. त्याला मी सांगितले की माणसे आजारांनी मेली आणि उरलेली निघून गेली. पटकी आणि हिवताप पुन्हा पुन्हा येत राहिले. जमीन आपल्यासारखीच, जांभ्याची, सच्छिद्र. घराघरातली घाण झिरपून विहिरींत उतरत होती, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. आधी व्हाइसरॉय राहायला बाहेर गेले, मग इतर गेले आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला हलली. आपल्या जिल्ह्यात विहीर आणि शौचखड्डा यांमध्ये किती अंतर ठेवले जाते हे मी बघत आलो आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पावसाळ्यात विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी उकळूनच प्यावे.

दादा या सगळ्यात फारसे रमले नाहीत. त्यांची एकादशी होती आणि डोळ्यांपुढे उद्याचा चिखल होता. (मधुमेहाची गोळी घेऊन कडक उपास करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. आणि साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर ती वर जाते ते वेगळेच. दादांची गोळी मी त्या दिवसापुरती बदलली होती.) संध्याकाळी बाणस्तारीचा पूल ओलांडून आम्ही फोंड्याला लॉजवर उतरलो.

रात्री मी सगळ्यांना कॉटवर ओळीने बसवले आणि म्हटले, "पाय दाखवा."

मुले हसू लागली. सौ. म्हणाल्या, "सहलीला आलोय, कॅम्पला नाही." तरी सगळ्यांनी पाय पुढे केले. मी टॉर्च घेऊन एकेक बेचके उघडून बघत गेलो. नातवाचे पाय स्वच्छ. वहिनींच्या टाचांना भेगा, पण त्या उतरणार नव्हत्याच. मुलाच्या पायावर काही नाही. दादांच्या उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचे बोट बाजूला केले आणि मी गप्प झालो. आत कातडी पांढरी, ओली, भिजलेल्या पोह्यासारखी आणि मधोमध एक लाल चीर. तांदळाच्या दाण्याएवढी, पण खोल.

"दादा, हे दुखत नाही?"

"खंय काय?" दादांनी वाकून बघितले. "माका कायच नाय."

त्याच उत्तराची मला भीती होती. पावसात भिजलेल्या पायांना अशा चिखल्या आपल्याकडे घरोघर होतात. ज्याला होतात तो चालताना कळवळतो. दादांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली होती.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. ही तपासणी इतकी सोपी आहे की वाचकांनी ती आज रात्रीच घरातल्या मधुमेही माणसावर करून बघावी. त्याला सुई लागत नाही, यंत्र लागत नाही. माणसाला पाय लांब करून, डोळे मिटून बसवायचे. आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, म्हणजे प्रत्येक पायाच्या तीन बोटांच्या टोकांना, पिसासारखे हलके, एक-दोन सेकंद लावायचे. दाबायचे नाही, घासायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. लागले की त्याने 'हो' म्हणायचे. एकूण सहा जागा. त्यांतल्या दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांना दाखवायचे. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली, म्हणून तिला इप्सविच स्पर्शचाचणी म्हणतात.

दादांनी डाव्या अंगठ्याला 'हो' म्हटले. डाव्या मधल्या बोटाला 'हो' म्हटले. डाव्या करंगळीला मी बोट लावले, काढले आणि थांबलो. दादा डोळे मिटून तसेच बसलेले.

"लाव मगे," ते म्हणाले.

"लावून झालं, दादा."

खोलीत एकदम शांत झाले. उजव्या पायाच्या अंगठ्याला त्यांना कळले. मधल्या बोटाला नाही, करंगळीला नाही. सहापैकी तीन. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यात प्रश्न होता आणि तो रास्त होता. अकरा वर्षे मी माझ्या सख्ख्या भावाच्या साखरेचे रिपोर्ट बघत होतो, गोळ्या लिहून देत होतो, भात कमी कर म्हणून रागावत होतो. त्याच्या पायाला मात्र मी एकदाही हात लावला नव्हता. मोठ्या भावाच्या पायाला आपण हात लावतो तो नमस्कारापुरता. घरचा डॉक्टर असण्याचा हा तोटा आहे. परक्या पेशंटला आपण नीट तपासतो, घरच्याला जाता जाता बघतो.

"दादा, उद्या तुम्ही खाली उतरायचं नाही," मी म्हटले.

"लहानपणापासून चिखलातच वाढलंव आपण. आताच काय झाला?"

मी समजावू लागलो. चिखल दुखवतो ते पायाला कळत नाही; काच, शिंपला, काटा रुतला तरी माणूस खेळत राहतो; चीर उघडी असेल तर मातीतले जंतू थेट आत जातात आणि साखर जास्त असलेल्या शरीरात ते झपाट्याने पसरतात. बोट कापावे लागलेले, पाऊल कापावे लागलेले पेशंट मी बघितले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या न दुखणाऱ्या चिरेपासून झाली होती. दादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझी डाक्टरकी घराकडे ठेवून येऊची होती." मग ते कुशीवर वळून झोपले. झोपले म्हणजे झोपल्यासारखे केले. पन्नास वर्षे मनात धरलेली गोष्ट आदल्या रात्री धाकट्या भावाने काढून घेतली, तर झोप कोणाला येईल?

सकाळी आम्ही माशेलला गेलो. देवळात देवकी आणि बाळकृष्ण यांची एकत्र मूर्ती आहे. देवकीचे देऊळ असे विरळाच. ही देवी मूळची चोडण बेटावरची. पोर्तुगीजांच्या काळात लोकांनी ती आधी मयेला आणि मग माशेलला आणली. आदल्या दिवसापासून चोवीस तास भजन चाललेले असते. मग अंगाला तेल चोळलेले पुरुष आणि पोरे देवाला नमस्कार करून, गात गात समोरच्या मैदानात येतात. पावसाने मैदानाचा नुसता राब झालेला. त्यात धावाधाव, बेडूकउड्या, आंधळी कोशिंबीर, एकमेकांना ओढून पाडणे. पारावरून लाडू आणि खाऊ फेकतात तो झेलायचा. शेवटी दहीहंडी. मुलगा आणि नातू केव्हा त्यात शिरले आणि केव्हा ओळखू येईनासे झाले, कळलेच नाही.

माझ्यासारख्या माणसाची नजर अशा ठिकाणी वाईट. लोक आनंद बघतात, आम्ही डोळ्यांत चिखल गेला का, तोंड उघडे आहे का ते बघतो. या शंका उगीच नाहीत. हौसेने चिखलातून धावण्याच्या शर्यतींना इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ १९८७ साली 'टफ गाय' या नावाने सुरुवात झाली आणि पुढे हे लोण जगभर गेले. २०१२ साली अमेरिकेत नेवाडामध्ये अशाच एका शर्यतीनंतर बावीस जणांना तापासह जुलाब झाले. शर्यत गुराढोरांच्या कुरणातून होती आणि ज्यांच्या तोंडात चिखलाचे पाणी गेले त्यांनाच मुख्यतः त्रास झाला होता. त्याआधी २००० साली मलेशियातल्या सबाह प्रांतात ३०४ जणांची साहसी शर्यत झाली. नंतर त्यांतल्या १८९ जणांशी संपर्क साधला तेव्हा ८० जणांना लेप्टोस्पायरोसिससारखा आजार झाल्याचे आढळले. तगडे, कमावलेल्या शरीराचे लोक होते ते. अंगात ताकद आहे म्हणून हा जंतू सोडत नाही.

तेलाबद्दल मला अनेकजण विचारतात. तेल लावले की चिखल पटकन धुऊन निघतो हे खरे. पण तेलामुळे जंतू आत जात नाहीत असे मी म्हणणार नाही. आम्ही साधे नियम पाळले. जखम असलेल्याने उतरायचे नाही. तोंड मिटून खेळायचे. चष्म्याऐवजी डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी ती काढून ठेवायची. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. मोठ्या माणसांना दर दहा वर्षांनी एक डोस लागतो आणि मातीने बरबटलेली जखम झाली असेल तर पाच वर्षे उलटली तरी परत घ्यावी लागते. पूर्वी टीटी म्हणत, आता त्याच्या जागी टीडी मिळते. खेळ संपल्यावर लगेच, चिखल अंगावर वाळू न देता, स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने अंघोळ. मग बेचकी कोरडी पुसायची. आपल्याकडे लोक पाय धुतात पण पुसत नाहीत आणि चिखल्यांचे निम्मे कारण तेच आहे. बेचक्यात तेल, तूप, व्हॅसलिन चोपडू नये. ओल आत कोंडते. बुरशीचे मलम लागले तर ते डॉक्टरांना विचारून, आणि खाज थांबली म्हणून चार दिवसांत सोडून न देता सांगितले तितके दिवस.

दादा झाडाखाली बूट-मोजे घालून उभे होते. माझ्याशी बोलत नव्हते. पारावरून आलेला एक लाडू उडत उडत त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो एका हाताने झेलला. तो त्यांनी नातवाला दिला, मला विचारले नाही.

आता २००६ सालचे. जुलैचाच महिना. अठ्ठावीस वर्षांचा एक शेतकरी ताप घेऊन माझ्याकडे आला. तिसरा दिवस होता. अंग फार दुखते म्हणाला, विशेषतः पोटऱ्या. दवाखान्यात चाळीस माणसे बसली होती, तापाचीच. मी ताप उतरण्याची गोळी दिली, भरपूर पाणी पी म्हणालो आणि पुढच्याला बोलावले. तू काय काम करतोस, गेल्या पंधरवड्यात कुठे होतास, हे मी विचारले नाही. सहाव्या दिवशी त्याची बायको त्याला रिक्षातून घेऊन आली. "डाक्टरानू, कालपासून डोळे पिवळे दिसतत," म्हणाली. लघवी जवळजवळ बंद झाली होती. मोठ्या इस्पितळात पाठवले. चौथ्या दिवशी तो गेला. नंतर ती म्हणाली, आठ-दहा दिवस तो चिखलातच होता, टाचेला कोयता लागलेला होता, त्याला नुसते फडके बांधले होते. मी एकच प्रश्न विचारला असता तर हे सगळे मला तिसऱ्या दिवशीच कळले असते. वैद्यकात आम्ही याला 'हिस्ट्री घेणे' म्हणतो. कॉलेजात पहिल्याच टर्मला शिकवतात.

लेप्टोचा जंतू उंदीर, घुशी, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो आणि तिथे कित्येक दिवस जिवंत राहतो. कापलेल्या, खरचटलेल्या किंवा पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून तो आपल्या शरीरात शिरतो. लगेच काहीच होत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही, थंडी वाजून ताप येतो. डोके, कंबर आणि पोटऱ्या अतोनात दुखतात, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. बरेच जण आपोआप बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, खोकल्यातून रक्त पडते. सुरुवातीलाच डॉक्सीसायक्लीन किंवा पेनिसिलीनच्या गटातली औषधे मिळाली तर पुढचे बरेच टळते. ही औषधे महाग नाहीत. उशीर महाग पडतो.

सहलीहून परत आलो. मुलाला सुटी होती. ९ आणि १० जुलैला तो आमच्या मळ्यात लावणीला उतरला. घरचा मुलगा शेतात उतरतो याचे मला कौतुकच वाटले. खळ्यात उभा राहून मी त्याला तरव्याची जुडी डोक्यावर घेऊन जाताना बघितले. त्याच्या नव्या चपलेने घोट्यामागे कातडी सोलली होती. हे मला नंतर कळले, कारण मी बघितलेच नाही. काल्याच्या तासाभरासाठी रात्री टॉर्च घेऊन बसलेला मी, दोन दिवसांच्या लावणीला जाणाऱ्या पोराला "छत्री घे" एवढेच म्हणालो. आमच्या मळ्याच्या मेरेत उंदरांची बिळे आहेत, वरच्या अंगाला गोठा आहे आणि शेणमुताचे पाणी पावसाबरोबर खालीच येते. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तो पुण्याला गेला. १९ तारखेला त्याला ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी व्हायरल असेल म्हणून तापाची गोळी दिली आणि डेंग्यूची तपासणी सांगितली. पुण्यात त्या दिवसांत कोणीही तेच केले असते. २१ च्या रात्री फोनवर तो सहज म्हणाला, "बाबा, पोटऱ्या इतक्या दुखतायत की बाथरूमपर्यंत जाववत नाही. जिममुळे असेल."

माझ्या हातातला फोन घसरायचाच बाकी राहिला.

"डॉक्टरांना तू लावणीला गेलेलास हे सांगितलंस?"

"नाही. त्यांनी विचारलं नाही."

मी त्याला रात्रीच इस्पितळात जायला सांगितले आणि पहिले वाक्य कोणते बोलायचे तेही सांगितले: 'सात तारखेला आणि नऊ-दहा तारखेला मी चिखलात होतो, पायाला जखम होती.' एवढे ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केले. लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. घाबरण्याच्या किंवा निश्चिंत होण्याच्या आधी लक्षात घ्या की पहिल्या आठवड्यात ही अँटिबॉडीची तपासणी बहुधा निगेटिव्हच येते. प्लेटलेट कमी होत्या, मूत्रपिंडाचा आकडा किंचित वर होता. तीन दिवसांनी ताप उतरला. आठवड्याने पुन्हा रक्त तपासले तेव्हा ती पॉझिटिव्ह आली. कुठल्या चिखलातून आला हे कोणी सांगू शकत नाही, पण दिवस मोजले आणि घोट्याची जखम आठवली की माझा संशय आमच्याच मळ्यावर जातो.

म्हणून लावणीला जाणाऱ्या प्रत्येक घराला सांगतो. गमबूट घालून लावणी होत नाही हे मला माहीत आहे; चिखलात ते रुततात. पण चिखलणी करताना, मेर घालताना, गोठ्यात ते घालता येतात. उतरण्याआधी पाय बघा. जखम असेल तर ती बरी होईपर्यंत दुसरे काम करा. नाइलाज असेल तर जखमेवर पाणी आत न जाणारी पट्टी लावा आणि संध्याकाळी ती काढून जखम साबणाने धुवा. जिथे साथ असते तिथे आरोग्य खात्याकडून आठवड्याला एकदा घ्यायच्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या मिळतात. त्या कोणी, किती आठवडे घ्यायच्या हे आरोग्य केंद्रातच विचारा. गरोदर बायका आणि लहान मुले यांना त्या चालत नाहीत. कॅलेंडरवर चिखलात गेल्याच्या तारखेवर खूण करून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला, तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा. समोर बसलेला मी असलो तरी सांगा.

दादांची चीर भरायला अडीच आठवडे लागले. रोज वहिनी पाय पुसून मलमपट्टी करीत. महिनाभर दादा माझ्याशी कामापुरतेच बोलले. मग एक दिवस मी त्यांच्याकडे गेलो तर पडवीत गावातले चार-पाच म्हातारे ओळीने पाय लांब करून, डोळे मिटून बसले होते आणि दादा एका बाजूने त्यांच्या बोटांना बोट लावत चालले होते. एकाने डोळा किलकिला केला तसे दादा त्याच्यावर एसटीतल्या आवाजात खेकसले.

मला बघून म्हणाले, "दोघांचा नाय कळना. उद्या तुझ्याकडे धाडतंय. आणि माझो पाय बघून ठेव, माका परत माशेलाक जाऊचा आसा."